खिलार बैल ॲक्रिलिकमध्ये: पांढरा रंग खडूसारखा दिसतोय, काय चुकतंय?

कोराकॅनव्हास

१८ × २४ इंचाचा तयार कॅनव्हास, उभा. विषय खिलार बैल: थ्री-फोर्थमध्ये वळलेलं डोकं, मान आणि वशिंडापर्यंतचा भाग. संदर्भाला मोबाईलवर काढलेला फोटो आहे. सकाळचं ऊन डावीकडून, मागे गोठ्यातला अंधार.

रंग कॅमलचे ट्यूबमधले आर्टिस्ट ॲक्रिलिक: टायटॅनियम व्हाइट, काळा, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, क्रिमसन. ब्रश फ्लॅट १२ आणि ८, फिल्बर्ट (गोलसर टोकाचा चपटा) ६, राउंड २ आणि ०.

पेन्सिलने स्केच करून थेट रंगायला घेतलं. अंगाला पांढऱ्यात थोडा काळा, उजेडाकडे नुसता पांढरा. आता अडलंय ते असं: अंग सपाट, खडूसारखं दिसतं, गोलाई येत नाही. पॅलेटवर जुळवलेला करडा वाळला की गडद पडतो, त्यामुळे एकाच मानेवर चार ठिकाणी चार करडे झालेत. पेन्सिलची रेघ पांढऱ्यात मिसळून मळकट होते. आणि एकेक केस काढायला घेतला तर बैल सोडून भलतंच केसाळ जनावर दिसायला लागलं.

हाच कॅनव्हास सुधारेल की नवा घ्यावा? स्केचपासून शेवटच्या थरापर्यंतचा क्रम कुणी नीट सांगेल का?

जाडाब्रश

कॅनव्हास टाकू नका. ॲक्रिलिक एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही, वरून नवा थर बिनधास्त देता येतो. जिथे रंगाचे उंचवटे आलेत तिथे २२० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून हलकं घासा. कोरडं घासलं तर धूळ उडते आणि कॅनव्हासचे धागे उघडे पडतात. पुसून वाळवा, जेसोचा (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा) एक पातळ हात द्या, तो वाळला की दुसरा हात आडवा.

आता मुख्य गोष्ट. पांढऱ्या कॅनव्हासवर पांढरं जनावर रंगवायला बसलं की डोळा फसतो. करड्याचा पहिलाच फटकारा कोऱ्या पांढऱ्याशेजारी काळाकुट्ट वाटतो, मग हात आखडतो आणि सगळ्या सावल्या दोन पायऱ्या फिक्या लागतात. तुमची गोलाई हरवली ती तिथेच. म्हणून आधी रंगीत ग्राउंड, म्हणजे सगळ्या चित्राखालचा मूळ रंग, द्या. बर्न्ट अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन, पाण्याने पातळ करून १२ नंबरच्या फ्लॅटने सगळीकडे लावा आणि ओलं असतानाच जुन्या सुती कापडाने पुसून घ्या. काळा १ आणि कोरा पांढरा १० अशी टोनची पट्टी धरली, तर हे ग्राउंड ५-६ च्या आसपास यायला हवं.

स्केच या ग्राउंडवर. फोटो ६ × ८ इंचात क्रॉप करून प्रिंट घ्या. त्यावर १ इंचाची ग्रीड, कॅनव्हासवर ३ इंचाची. एकूण ४८ चौकोन होतात. डोळा, नाकपुडी आणि शिंगांचा बुंधा ज्या चौकोनांत येतो तेवढ्यांचेच चार-चार भाग करा, बाकीच्या ठिकाणी बारीक ग्रीडची गरज नाही. रेघ वॉटरकलर पेन्सिलने मारा, अंबरसारख्या तपकिरीने. ती ओल्या रंगात विरघळून जाते आणि सावलीच्याच रंगाची असल्याने मळ दिसत नाही. ग्राफाइट वापरायचंच असेल तर एचबीने हलक्या हाताने काढा, पुट्टी रबरने टिपून फिकं करा आणि मॅट मीडियममध्ये तेवढंच पाणी घालून वरून एक हात द्या. रेघ त्याखाली बंद होते. मीडियमचा हात जोरात घासू नका, नाहीतर ग्राफाइट तिथेच पसरतं.

स्केचमध्ये बाह्यरेषेइतकीच महत्त्वाची दुसरी रेघ आहे: उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते ती. गालफडावरून, मानेवरून, वशिंडाखालून ही रेघ सलग काढा. बहुतेक स्केचमध्ये डोळ्याच्या पापण्या असतात आणि ही नसते.

रंगाला सुरुवात मागच्या अंधारापासून. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना साधारण सारखे घेतले की जवळपास काळा येतो. ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा हा खोल दिसतो. अंधार आधी भरला की बैलाच्या पांढऱ्याचं माप लगेच कळतं.

अंगासाठी काळा ट्यूबमध्येच राहू द्या. काळा आणि टायटॅनियम मिळून थंड, निळसर, पाटीसारखा करडा होतो आणि तो सगळीकडे एकच असतो. सावली, अर्धछाया, मळलेला भाग, सगळं एकाच पोताचं. त्याऐवजी वरच्याच अल्ट्रामरीन-सिएनाच्या मिश्रणात पांढरा घालत जा. सिएना वाढवला की करडा उबदार, अल्ट्रामरीन वाढवला की थंड.

तीन टोन आधीच भरपूर कालवा आणि झाकणाच्या लहान डब्यांत भरून ठेवा, प्रत्येकी दोन-तीन चमचे: सावली (पट्टीवर ५), अर्धछाया (६-७), उजेड (८-९). उजेडाच्या डबीत पांढऱ्यात चिमूटभर ऑकर आणि किंचित अर्धछायेचा रंग. नुसता टायटॅनियम यातल्या कुठल्याच डबीत नाही. तो शेवटच्या बैठकीसाठी, तोही चार-पाच फटकाऱ्यांपुरता: नाकाडाचा उंचवटा, वशिंडाचा माथा, भुवईचं हाड, कानाची कड.

मानेवरचे चार करडे या डब्यांनीच मिटतील. ॲक्रिलिकचा बाइंडर ओला असताना दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो. म्हणून वाळलेला रंग गडद दिसतो. ओल्या रंगाची वाळलेल्या शेजाऱ्याशी तुलना करून जुळवत बसलात तर दरवेळी चुकणार. त्याच ग्राउंडच्या एका पट्टीवर बोटभर रंग लावा, हेअर ड्रायरने वाळवा आणि मग ठरवा. ट्यूबमधून नव्याने कालवताना अर्धी पायरी फिका कालवा.

तीन टोन सपाट भरून झाले की थांबा. मोबाईलवर फोटो आणि चित्र दोन्ही ब्लॅक-अँड-व्हाइट करून शेजारी ठेवून बघा. या टप्प्यावर बैल उभा राहिला नाही, तर पुढे कितीही बारीक काम करा, उपयोग नाही.

माणदेशी_रेघ

वरचा क्रम चोख आहे. मी फक्त जनावराबद्दल लिहितो, कारण खिलार चुकला की गावाकडचा माणूस चित्राकडे एक नजर टाकतो आणि पुढे जातो.

पहिलं म्हणजे फोटो तपासा. मोबाईलच्या नेहमीच्या लेन्सने तीन-चार फुटांवरून काढला असेल तर मुसकट फुगतं आणि शिंगं मागे पळून आखूड होतात. लांब निमुळतं डोकं आणि लांब शिंगं हीच या जातीची ओळख, नेमकी तीच मोडते. शक्य असेल तर १२-१५ फुटांवरून २ किंवा ३ पट झूम करून पुन्हा फोटो घ्या. नाहीतर ग्रीडवर उतरवताना शिंगांची लांबी दुसऱ्या फोटोवरून दुरुस्त करा.

शिंगं बुंध्याशी एकमेकांना चिकटून असतात. निम्म्यापर्यंत ती कपाळाचीच रेषा पुढे चालवत मागे जातात आणि तिथून धनुष्यासारखी वर वळतात. डोक्यातून थेट वर उगवलेली शिंगं काढलीत तर तो खिलार नव्हे. थ्री-फोर्थमध्ये पलीकडच्या शिंगाचा खालचा भाग पुष्कळदा माथ्याआड जातो. तो उगाच दाखवू नका.

कपाळ लांब आणि अरुंद. नाकाडापासून माथ्याच्या मध्यापर्यंत एक पन्हळ जाते. ही पन्हळ म्हणजे अर्धछायेचा एकच लांब फटकारा, फिल्बर्टने, मध्ये न तोडता. कपाळावरचा भोवरा फोटोत जिथे आहे तिथेच हवा. बैल पारखणारे आधी तो बघतात, आणि रंगवणाऱ्यालाही तोच उपयोगी, कारण केसांची दिशा तिथून चारी बाजूंना फुटते.

कातडी अंगाला घट्ट, गळ्याखालची पोळी हलकी. गीरसारखी लोंबती पोळी आणि लांब लोंबते कान इथे नसतात.

आता रंग. सगळा करडा म्हणजे सावली असं धरू नका. कोसा किंवा काजळी जनावर असेल तर केसांचाच रंग करडा असतो. वळूच्या फऱ्यावर (खांद्यावर), मानेवर आणि पुठ्ठ्यावर तो जास्त गडद, खच्ची केलेला बैल त्या मानाने पांढरा. उन्हाच्या बाजूलाही मान करडी दिसत असेल तर तिथे सावलीची डबी उघडू नका. अंबर, पांढरा आणि नखभर अल्ट्रामरीन घालून चौथी डबी करा, उन्हातल्या काजळीची. टोन ६ च्या जवळपास, पण सावलीपेक्षा उबदार. हा फरक केला नाही की ऊन पडलेल्या मानेला खळगा पडल्यासारखं दिसतं.

डोळ्याभोवती, मुसकटावर आणि कानाच्या आत केस विरळ, तिथे खालची कातडी दिसते. मुसकट फोटोत ज्या रंगाचं आहे त्याच रंगाचं घ्या, मनाने काळं करू नका.

पातळथर

जाडाब्रश यांच्या तीन डब्यांशी सहमत, पण अपारदर्शक थरांवरच थांबलात तर चित्र पोस्टरसारखं राहील. पांढऱ्या जनावराची सावली नुसती करडी नसते, आजूबाजूचं सगळं तिच्यात उतरतं. पाठीच्या आणि वशिंडाच्या वरच्या उतारावर आभाळाचा निळा, जबड्याच्या आणि पोळीच्या खालच्या बाजूला जमिनीचा रंग. तांबूस मुरूम असेल तर सिएना, कडबा पसरलेला असेल तर ऑकर. हे रंग कालवून लावले की मळतात, ग्लेझने दिले की उजळतात.

ग्लेझ म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पारदर्शक थर: १ भाग रंग, ८ ते १० भाग ग्लेझिंग मीडियम. नुसत्या पाण्याने इतका पातळ केला तर बाइंडर फार विरळ होतो, रंगद्रव्य धाग्यांच्या खळग्यांत साचतं आणि कडेला डाग धरतं. खालचा थर हाताला गार लागत असेल तर तो अजून ओला आहे, थांबा. मऊ सिंथेटिक फ्लॅटने एकदाच पसरवा. अर्धवट वाळलेल्या ग्लेझवर परत ब्रश फिरवला की सालपट निघतं. सावलीवर दोन-तीन ग्लेझ पुरतात. टायटॅनियमचं ग्लेझ करू नका, धुकं पडल्यासारखं होतं. झिंक व्हाइट पारदर्शक असतो, एखाद्या कडेचा टोन किंचित उचलायला तो चालतो.

उन्हाळ्यात पॅलेटवर रंग दहा मिनिटांत धरतो, त्यावर उपाय म्हणजे पसरट प्लॅस्टिकच्या डब्यात ओला टिश्यू आणि त्यावर बेकिंगचा बटर पेपर. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतो. पंखा कॅनव्हासकडे नको. रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारं द्रव्य) घालणार असाल तर रंगाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमीच ठेवा, जास्त झाला तर थर दिवसचे दिवस चिकट राहतो आणि पुढचा थर खालच्याला ओढतो.

केसांबद्दल: खिलारचा केस आखूड, अंगाला चिकटलेला. चार फुटांवरून केस दिसत नाही, चमक दिसते. मोजके केस चारच जागी काढा: भोवऱ्याजवळ, कानांच्या कडांना, मानेच्या वरच्या रेषेवर आणि अंधाराला लागून असलेल्या बाह्यरेषेवर. बाकी अंगभर ड्राय ब्रश. फिल्बर्टवर उजेडाच्या डबीतला रंग घ्या, कापडावर जवळजवळ सगळा पुसून टाका, ब्रशचे केस फाकवा आणि केसांच्या दिशेने नुसता स्पर्श करत जा. गालावर दिशा मागे-खाली, मानेवर वशिंडाकडून पोळीकडे तिरकी. सुरकुतीला आडवे फटकारे मारलेत तर सुरकुती नाहीशी होते.

कोराकॅनव्हास

खूप आभार. जेसो आणि ग्राउंड झालं, चार डब्या भरल्या, पहिले टोन बसले. ब्लॅक-अँड-व्हाइट करून पाहिलं, डोकं उठून दिसतंय.

दोन शंका. सावलीच्या बाजूला ड्राय ब्रश केला तर पांढऱ्या रेघोट्या उठतात. आणि शिंगं, डोळा, वेसण हे कधी करायचं, आधी की शेवटी? शिंगं सध्या प्लॅस्टिकच्या नळीसारखी दिसताहेत.

जाडाब्रश

सावलीत उजेडाची डबी वापरताय म्हणून रेघोट्या. सावलीतला ड्राय ब्रश सावलीच्या डबीपेक्षा एकच पायरी वर, शक्यतो तिच्यातच थोडी अर्धछाया मिसळून. सावलीतला सर्वांत फिका टोन उजेडातल्या सर्वांत गडद टोनपेक्षा गडदच राहायला हवा. तुमच्या काजळी मानेमुळे एवढ्या जागेत हा नियम जरा ताणला जाईल, तिथे टोनपेक्षा उबदार-थंडावर भर द्या. पोट, पोळीची आतली घडी, जबड्याची खालची बाजू इथे ड्राय ब्रश नकोच. सावली सपाट आणि पातळ, उजेड जाड.

शिंगं अंगाबरोबरच तीन टोनमध्ये भरा, तपशील नंतर. नळीसारखी दिसतात कारण बुंध्यापासून टोकापर्यंत एकच चमकरेषा ओढली जाते. शिंग मागे जाऊन वर वळतं, म्हणजे उजेडाशी त्याचा कोन बदलतो. मागे जाणाऱ्या निम्म्या भागात चमक वरच्या अंगाला असेल, वळणावर ती तुटेल आणि उभ्या भागात डाव्या कडेला सरकेल. बुंध्याशी आडव्या वळ्या असतात, त्या पूर्ण गोल न काढता उजेड-सावलीच्या सीमेवरच दोन-तीन ठिकाणी दाखवा. शिंगं साळलेली असतील तर वळ्या जवळपास नसतातच आणि लांबीच्या दिशेने बारीक ओरखडे दिसतात. ते ० नंबरच्या राउंडने, शिंगाच्या रंगापेक्षा अर्धी पायरी गडद.

रंग बुंध्याशी पांढऱ्यात ऑकर आणि नखभर क्रिमसन, मध्यावर अंबर मिसळत जा, टोकाला अल्ट्रामरीन-सिएनाचा गडद. ही जोडणी ओल्यात ओलं करायची असेल तर एका वेळी तीन-चार इंचच घ्या. नाहीतर वाळवून वर दोन ग्लेझ द्या, ते सोपं जातं.

डोळा दुसऱ्या बैठकीत. फार आधी केला तर बाकी चित्र त्याच्याभोवती ओढलं जातं, अगदी शेवटी केला तर चिकटवल्यासारखा दिसतो. बैलाची बाहुली आडवी लांबट असते, गोल नाही. पण खिलारचा डोळा इतका गडद की ती फार तर उजेडाच्या कोपऱ्यात सुटी दिसते. आधी सगळा डोळा सिएना-अल्ट्रामरीनच्या गडद तपकिरीने भरा. खालच्या अर्ध्यात नुसत्या सिएनाचं ग्लेझ, म्हणजे आत उजेड शिरल्यासारखा वाटतो. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते ती विसरू नका. पांढरा भाग दिसलाच तर कोपऱ्यात, आणि तोही करडा. जास्त दाखवला की बैल बिथरलेला दिसतो. चमक शेवटी एक ठिपका, आभाळाचा फिका निळा, कोरा पांढरा नको, आणि मध्यभागी नको.

माणदेशी_रेघ

वेसणीची जागा नीट बघा. ती दोन्ही नाकपुड्यांमधल्या पडद्यातून जाते, म्हणजे दोरी नाकपुडीच्या आतून बाहेर येताना दिसायला हवी. वरून चिकटवलेली दिसली की फसलं. तिथून ती गालावरून कानामागे जाते. दोरी आधी सलग गडद अंबरने काढा, मग पिळाचे तिरके फटकारे फक्त उजेडाच्या बाजूला. दोरीची सावली गालावर पडते, ती गालाच्या गोलाईने वाकलेली हवी. सरळ काढली तर गाल पुन्हा सपाट.

म्होरकी (डोक्याला बांधायचा दोरीचा साज) असेल तर कपाळपट्टीखाली केस दबलेले असतात, पट्टीच्या वरच्या कडेला थोडे उठलेले. तिथे चार केस जरूर काढा.

शिंगांना पोळ्याचा हिंगूळ लावलेला असेल तर तो शिंगाच्या नेहमीच्या रंगावर ग्लेझने द्या, थेट जाड लाल भरू नका. जुना हिंगूळ टोकाकडे झिजून खालचं शिंग दिसतं, ते ग्लेझमध्ये आपोआप येतं.

पातळथर

व्हार्निशचं आत्ताच सांगून ठेवतो. चित्र हाताला कोरडं लागलं म्हणजे आतून वाळलं असं नाही. जाड उजेडाचे थर असतील तर दोन आठवडे तरी जाऊ द्या. मग आधी आयसोलेशन कोट, म्हणजे चित्र आणि व्हार्निशच्या मधला पारदर्शक थर: २ भाग सॉफ्ट ग्लॉस जेल, १ भाग पाणी, मऊ रुंद ब्रशने, फेस न करता. व्हार्निश पुढेमागे काढायची वेळ आली तर खालच्या ग्लेझना धक्का लागत नाही.

या चित्राला सॅटिन बरं. पूर्ण मॅट लावलं तर मागचा अंधार राखाडी पडतो, पूर्ण ग्लॉस लावलं तर त्याच अंधारात खिडकी दिसते. सॅटिन आणि मॅटमधली मॅट करणारी पावडर तळाशी बसते, म्हणून बाटली नीट ढवळून घ्या. फार जोरात हलवली तर बुडबुडे येतात आणि ते अंधारावर पांढरे ठिपके होऊन बसतात. दोन पातळ हात, दुसरा पहिल्याला आडवा, कॅनव्हास टेबलावर सपाट ठेवून. सही आयसोलेशन कोटच्या आधी.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत असाल तर सर्दावलेल्या दिवशी व्हार्निश करूच नका, थर दुधाळ राहतो. दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की दुपारी करा, तोवर चित्र भिंतीला न टेकवता उभं ठेवा, मागून हवा खेळू द्या.